आधी कान, मग बोल: बाळाच्या ऐकण्या-बोलण्याचा पाया कसा घालावा

ऐकू येणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकू येणं हे कानाचं काम. ऐकणं मात्र शिकावं लागतं. पंख्याची घरघर सोडून आईच्या आवाजाकडे लक्ष द्यायचं, त्या आवाजातून शब्द सुटे करायचे, मग तो शब्द समोरच्या वस्तूशी जोडायचा, असा हा लांबचा पल्ला आहे. गर्भातल्या बाळाचा कान साधारण २५व्या आठवड्यापासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. म्हणूनच जन्मल्या जन्मल्या बाळ आईचा आवाज ओळखतं. पहिला शब्द वर्षाच्या आसपास येतो, म्हणजे तोंड उघडण्याआधी बाळाचं ऐकून सव्वा वर्ष झालेलं असतं.

‘बाळाशी भरपूर बोला’ हा सल्ला सगळे देतात. तो खरा आहे, पण अर्धाच. बोलून झाल्यावर गप्प बसायचं, बाळाला त्याची पाळी द्यायची, हा उरलेला अर्धा भाग बहुतेकांना जमत नाही. या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे. पण त्याआधी कान.

कान तपासून घेणं

साधारण हजारातल्या एक ते तीन बाळांना जन्मापासून ऐकण्यात कायमचा दोष असतो. तो बघून कळत नाही. बहिरं बाळही रडतं, हसतं आणि पहिले काही महिने ‘आ’, ‘ऊ’ असे आवाजही काढतं. त्यामुळे तपासणी यंत्रानेच व्हायला हवी.

तपासण्या दोन प्रकारच्या असतात. ओएईमध्ये बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानाकडून येणारा क्षीण प्रतिसाद मोजतात. बेरामध्ये डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून आवाज मज्जातंतूमार्गे मेंदूपर्यंत पोचतो का, ते बघतात. दोन्ही तपासण्या बाळ झोपलेलं असताना होतात आणि दुखत नाहीत. फरक एवढाच की, आतला कान ठीक पण पुढचा मज्जातंतू बिघडलेला असेल, तर ओएई ‘पास’ दाखवते. जन्मानंतर पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात राहिलेल्या, किंवा काविळीमुळे रक्त बदलावं लागलेल्या बाळांची बेराच करावी.

पहिल्या तपासणीत बाळ ‘पास’ झालं नाही म्हणजे ते बहिरं आहे असं नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात उरलेल्या द्रवामुळेही असं होतं. धोका असतो तो ‘बघू नंतर’ म्हणण्यात. पाळायचा हिशेब सोपा आहे: पहिली तपासणी १ महिन्याच्या आत, दोष असल्यास पक्कं निदान ३ महिन्यांच्या आत, आणि श्रवणयंत्र व उपचार ६ महिन्यांच्या आत सुरू.

घरी टाळी वाजवून किंवा भांडं आपटून केलेली परीक्षा फसवी असते. टाळीने हवा हलते, हात हललेला डोळ्यांच्या कडेला दिसतो, भांड्याचा धक्का जमिनीतून पोचतो. शिवाय दोष अनेकदा फक्त उंच पट्टीच्या आवाजांपुरता असतो. अशा बाळाला दार आपटलेलं छान ऐकू येतं, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ऐकूच येत नाहीत. आईवडील म्हणतात, ‘ऐकू येतं की त्याला!’ आणि त्यात दोन वर्षं निघून जातात.

जन्मावेळची तपासणी जन्मभर पुरत नाही. मेंदुज्वर, गर्भात झालेले काही विषाणुसंसर्ग, काही प्रतिजैविकं आणि आनुवंशिक कारणं, यांनी ऐकणं पुढेही कमी होऊ शकतं. त्याहून कितीतरी जास्त वेळा दिसणारी तक्रार म्हणजे कानाच्या पडद्यामागे साचणारा चिकट द्रव. सर्दीनंतर तो साचतो, दुखत नाही, तापही येत नाही. पण मूल हाक मारल्यावर लक्ष देत नाही, ‘आँ?’ जास्त करतं, आणि त्याला हट्टी ठरवलं जातं. कानात बोटं घातल्यावर आपल्याला जसं ऐकू येतं, तसं काहीसं त्या मुलाला येत असतं. बहुतेकदा तीन महिन्यांत हा द्रव आपोआप जिरतो. तीन महिने उलटूनही राहिला, तर ऐकण्याची तपासणी करायलाच हवी.

खोली शांत करणं

मोठ्या माणसाला गोंगाटातही बोलणं कळतं, कारण अर्धा शब्द ऐकून उरलेला तो मनाने भरतो. बाळाकडे अजून भरायला शब्दच नाहीत. त्याला प्रत्येक शब्द अख्खा ऐकू यावा लागतो. त्यासाठी आपला आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असायला हवा. कुणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही हा फरक सहज गिळून टाकतो.

हा फरक वाढवायचे दोन मार्ग आहेत. एक, गोंगाट कमी करा. टीव्ही बंद, मिक्सर चालू असताना बोलणं थांबवा, खिडकी रस्त्याकडे असेल तर खेळायला दुसरी खोली घ्या. उघड्या फरशीवर आणि रिकाम्या भिंतींमध्ये आवाज घुमतो, तिथे सतरंजी, पडदे, उशा उपयोगी पडतात. दुसरा मार्ग फुकटचा आणि जास्त परिणामकारक: जवळ जा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. स्वयंपाकघरातून मारलेली हाक बाळाला कळत नसेल, पण तेच वाक्य हातभर अंतरावरून बरोबर कळतं.

ओरडून मात्र काम होत नाही. ओरडताना ‘आ’, ‘ओ’ हे स्वर मोठे होतात, पण शब्दाला शब्दपण देणारी व्यंजनं त्यात बुडून जातात. नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश, चढउतार ठेवून बोला.

पहिले सहा महिने: चेहरा आणि सूर

नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं. कुशीत घेतल्यावर तुमचा चेहरा साधारण तेवढ्यावरच असतो. दूध पाजताना, लंगोट बदलताना बोलायची जागा आयतीच मिळते. लाडाचं बोलणं, म्हणजे उंच सूर, ताणलेले स्वर, छोटी वाक्यं, पुन्हा पुन्हा तेच, बाळाला आवडतं आणि उपयोगीही पडतं. त्यात शब्दांच्या कडा ठळक होतात. फक्त शब्द खरे ठेवा. ‘भुभू’, ‘माऊ’, ‘जोजो’ चालतील. ते आवाजावरून किंवा दुहेरी अक्षरांनी बनलेले सोपे शब्द आहेत आणि पुढे त्यांची जागा ‘कुत्रा’, ‘मांजर’, ‘झोप’ आपसूक घेतात. पण चांगलं ‘पाणी’ सोडून मुद्दाम ‘पानु-पानु’ बनवायची गरज नाही.

दोन-तीन महिन्यांचं बाळ ‘आ…ऊ’ करू लागलं की तोच आवाज त्याला परत द्या आणि थांबा. पाच सेकंद, कधी दहा. बाळ तुमच्या तोंडाकडे बघतं, पाय हलवतं, मग पुन्हा ‘ऊ’. झाली पहिली गप्पांची फेरी. या वयात शब्दांचा अर्थ लागत नाही, पण ‘माझी पाळी, तुझी पाळी’ हा बोलण्याचा सांगाडा इथेच घडतो.

चार महिन्यांच्या सुमारास बाळ आवाजाच्या दिशेने नजर वळवू लागतं. आता आवाजाला अर्थ द्या. दाराची घंटा वाजली की लगेच दार उघडू नका. आधी थांबा, कानाला बोट लावा, ‘ऐकलंस? टिंग-टाँग!’ म्हणा, मग बाळाला दारापाशी न्या. आवाज आधी, वस्तू नंतर, हा क्रम महत्त्वाचा. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, बाहेरचा कुत्रा, दिवसभरात असे दहा-बारा आवाज तरी सापडतात. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळ स्वतःचं नावही ओळखू लागतं. त्याला प्रत्येक वेळी वेगळ्याच लाडक्या नावाने हाक मारत असाल, तर काही महिने एकच धरा.

सहा ते बारा महिने: आवाजांची चाळण

या काळातली एक गोष्ट मराठी वाचकांना विशेष गंमतशीर वाटेल. कॅनडातल्या संशोधक जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बहुतेक बाळं हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखत होती, जो इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना सहसा कळत नाही. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती क्षमता ओसरली होती. बाळ जगातल्या कुठल्याही भाषेच्या तयारीने येतं आणि पहिल्या वर्षातच, भोवती जे ऐकू येईल तेवढं ठेवून बाकीचं चाळून टाकतं. ऐकण्यातल्या दोषावर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू करायचा आग्रह असतो, तो यासाठी.

सात-आठ महिन्यांत ‘बाबाबा’, ‘ददद’, ‘ममम’ सुरू होतं. हे व्यंजन-स्वरांचं बरळणं ऐकण्यावर अवलंबून असतं. बाळ स्वतःचा आवाज ऐकतं, तो दुरुस्त करतं, पुन्हा करतं. म्हणून जागेपणी दिवसभर तोंडात चोखणी असू नये. बाळ ‘बाबाबा’ म्हणालं की तुम्हीही ‘बाबाबा’ म्हणा, नंतर एक अक्षर बदला: ‘बाबा… बू!’ बाळ लगेच तसंच म्हणेल असं नाही. त्याचं लक्ष बदलावर गेलं, तेवढं पुरे.

नऊ ते बारा महिन्यांत बाळ तुम्ही बघता तिकडे बघू लागतं आणि हळूहळू बोट दाखवू लागतं. आमच्या मते पहिल्या वर्षातली सगळ्यात मोठी घटना पहिला शब्द नसून हे बोट आहे. बोट दाखवणं म्हणजे ‘मी जे बघतोय ते तूही बघ’. त्या क्षणी मिळालेला शब्द पक्का बसतो. बाळ दिव्याकडे बोट करत असताना तुम्ही हातात बॉल घेऊन ‘हा बघ बॉल’ म्हणालात, तर दोन्ही वाया: दिव्याला शब्द मिळाला नाही आणि बॉलकडे लक्ष नव्हतं. बाळाच्या नजरेमागे जा. ‘दिवा! दिवा लागला.’

बुवा-कुक, टाटा करणं, टाळ्या वाजवणं, हात वर करून ‘वर घे’ सांगणं, या खुणा शब्दांची वाट अडवत नाहीत, उलट मोकळी करतात. खुणेसोबत शब्द मात्र दर वेळी असू द्या.

गप्प बसण्याची कला

आता त्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे. मोठ्या माणसाला गप्पांमधली दोन सेकंदांची शांतता खुपते. लहान मुलाला मात्र ऐकलेलं समजून घ्यायला, उत्तर ठरवायला आणि तोंडाची हालचाल जुळवायला पाच ते दहा सेकंद लागतात. आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरा प्रश्न विचारतो, पाचव्याला स्वतःच उत्तर देतो. मूल शिकतं ते एवढंच की, आपण बोललो नाही तरी चालतं.

कपडे घालण्याचा साधा प्रसंग घ्या. समोर बसा, तुमचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ द्या. मोजा हातात धरा, पण दाखवू नका, पाठीमागे ठेवा. म्हणा, ‘मोजा! मोजा कुठे आहे?’ आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. भुवया उंचावलेल्या, चेहऱ्यावर उत्सुकता. मूल पायाकडे बघेल, ‘मो’ म्हणेल किंवा नुसता हुंकार देईल. काहीही केलं तरी ते उत्तर धरा: ‘हो, मोजा!’ आता मोजा पुढे आणा, आणि घालताना पुन्हा एकदा: ‘मोजा घातला.’ आधी बोलायचं, मग दाखवायचं, मग पुन्हा बोलायचं. दाखवणं मधोमध आणि शब्द दोन्ही बाजूंनी. आधी दाखवलं, तर डोळ्यांनीच काम भागतं आणि कानाला काही उरत नाही.

दुसऱ्या पायाच्या मोज्याला मुद्दाम चूक करा. मोजा हातात घाला आणि थांबा. दीड-दोन वर्षांच्या मुलाला ही चूक हसवते आणि तेच बोलतं, ‘नाय! पाय!’ अशी कारणं दिवसात पेरता येतात: घट्ट झाकणाच्या डब्यात खेळणं ठेवा, म्हणजे ‘उघड’ म्हणावं लागेल. खाऊ एकदम न देता थोडा द्या, म्हणजे ‘अजून’ लागेल. झोका देता देता धरून ठेवा आणि वाट बघा. पण हे खेळ आहेत, ओलीस धरणं नव्हे. मूल चिडायला लागलं की शब्द तुम्ही म्हणा आणि वस्तू देऊन टाका. ‘म्हण पाणी, म्हण म्हणजे देईन’ हा प्रकार तहानलेल्या मुलाला बोलणं नकोसं करून सोडतो.

थांबूनही काहीच आलं नाही तर? दहा सेकंदांनी पुन्हा एकदा तेच म्हणा, थोडा इशारा द्या, पुन्हा थांबा. दुसऱ्यांदाही नाही आलं, तर उत्तर देऊन पुढे जा.

आणखी एक खोड: प्रश्नांची सरबत्ती. ‘हे काय? तो कोण? रंग कुठला? माऊ कशी करते?’ ही गप्पा नाही, तोंडी परीक्षा आहे. ज्या मुलाला उत्तरं येत नाहीत, त्याला तर यातून काहीच मिळत नाही. एका प्रश्नामागे तीन-चार साधी वाक्यं ठेवा. ‘माऊ झोपली. मऊ मऊ माऊ. शेपूट हलली बघ.’ मग थांबा. परक्या माणसाला वाटेल की तुम्ही स्वतःशीच बोलताय. वाटू द्या.

शब्दापासून वाक्यापर्यंत

आईवडील वस्तूंची नावं शिकवतात, पण फक्त नावांची वाक्यं होत नाहीत. पहिल्या पन्नास शब्दांत कामाचे शब्द हवेत: दे, घे, चल, उघड, पडलं, संपलं, अजून, नको, वर, खाली, आत, गेला. ‘संपलं’ हा शब्द दुधाला लागतो, पाण्याला लागतो, खेळाला, गाण्याला, आंघोळीला लागतो. ‘हत्ती’ असा दिवसभर कुठे लागणार? दर आठवड्याला असे पाच-सहा शब्द निवडा, कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आणि घरातल्या प्रत्येकाने जेवण, आंघोळ, खेळ या तीन वेळी ते मुद्दाम वापरायचे. एकाच शब्दाला पुष्कळ वेगवेगळे प्रसंग मिळाले की तो मुलाचा होतो.

मूल एक शब्द बोललं की त्यात एक-दोन शब्दांची भर घालून परत द्या. ‘बॉल’ म्हणालं, तर ‘मोठा बॉल’ किंवा ‘बॉल पडला’. ‘बाबा गेला’ म्हणालं, तर ‘हो, बाबा बाहेर गेला’. एका शब्दाला उत्तर म्हणून बारा शब्दांचं वाक्य टाकलं, तर नवा शब्द गर्दीत हरवतो. आणि उलट, दोन शब्दांचं मूल आहे म्हणून आपण ‘बाळ जेवण’ असं तोडकं बोलायचं नाही. ‘बाळ जेवलं’ म्हणा. क्रियापदांची रूपं, ‘ला’, ‘त’, ‘ने’ हे प्रत्यय, हा-ही-हे यातलं लिंग, हे सगळं मूल ऐकूनच उचलतं. तोडक्या बोलण्यात ते सापडणारच नाही.

अडीच-तीन वर्षांचं मूल ‘मी करलं’ म्हणतं. ही चूक प्रगतीची खूण आहे. ‘मी करलं’ असं त्याला कुणी शिकवलेलं नाही, म्हणजे ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून नियम त्याने स्वतः काढला. ‘करलं नाही, केलं म्हण’ असं टोकू नका. ‘अरे वा, तू केलंस?’ एवढं म्हणा. बरोबर रूप कानावर पडलं, गप्पा तुटल्या नाहीत.

उच्चारांचंही तसंच. तीन वर्षांचं मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘रंग’ला ‘लंग’ म्हणत असेल, तर घाई नको. प, ब, म लवकर येतात. क, ग मागून येतात. स, श आणि जोडाक्षरांना वेळ लागतो, ‘र’ तर पाच वर्षांनंतरही बसतो. ढोबळमानाने, अनोळखी माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं बोलणं कळायला हवं. बोबडे बोल गोड वाटले तरी आपण तसं बोलू नये, त्याला नमुना आपलाच आहे.

दोन ते चार वर्षांत काही मुलं अडखळतात, ‘मी-मी-मी पण’. विचार पुढे धावतो, तोंड मागे पडतं. ‘नीट बोल’, ‘सावकाश बोल’ म्हटल्याने अडखळणं वाढतं. तुम्हीच सावकाश बोला, वाक्य पुरं होईपर्यंत ऐकून घ्या. सहा महिन्यांहून जास्त चाललं, किंवा बोलताना चेहरा, मान ताणली जाऊ लागली, तर तज्ज्ञाकडे जा.

कानाचे खेळ

ऐकण्याच्या चार पायऱ्या आहेत: आवाज आला हे कळणं, दोन आवाज वेगळे आहेत हे कळणं, कुठला आवाज ते ओळखणं, आणि अर्थ लागणं. खेळ याच क्रमाने चढवत न्या.

पहिल्या पायरीसाठी, दीड-दोन वर्षांपासून: मुलाच्या हातात ठोकळा द्या, तो कानाशी धरायला लावा. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. तुम्ही तोंडापुढे वही धरा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि आ, ऊ, ई, म, श, स यातला एक आवाज काढा. हे सहा आवाज कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचे तज्ज्ञ डॅनिएल लिंग यांनी निवडले, कारण बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा सगळा टप्पा त्यात येतो. आवाजांमधलं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर मूल आवाजावर न जाता तालावर ठोकळा टाकतं. मूल ‘म’ला टाकतं पण ‘स’ला कधीच नाही, असं वेगवेगळ्या दिवशी दिसलं, तर कान तपासून घ्या. हा खेळ तपासणीची जागा घेत नाही, पण शंकेची सुई बरोबर दाखवतो.

दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आधी फरक मोठा ठेवा. ‘म्याँव’ आणि ‘पीं-पीं-पीं’, मग लांबी वेगळी असलेले शब्द, जसं ‘पाय’ आणि ‘विमान’, आणि तीन वर्षांनंतर फक्त एक आवाज वेगळा असलेले: पान–कान, बाळ–माळ, डोळा–गोळा. चित्रं किंवा वस्तू समोर मांडा, तोंड झाकून एक शब्द म्हणा, मुलाने तो उचलायचा.

चौथ्या पायरीचे खेळ दिवसभर चालतात. वर्षाच्या मुलाला ‘बॉल दे’, दीड-दोन वर्षांच्या मुलाला ‘बुटात मोजा टाक’, अडीच-तीनला ‘टोपी घे आणि आजीला दे’, साडेतीन-चारला एका दमात तीन वस्तू आणायला सांगणं. इथे एकच चूक सर्रास होते: ‘बॉल दे’ म्हणताना आपण बॉलकडे बघतो किंवा हात पुढे करतो. मूल शब्द न ऐकताच बॉल देतं आणि आपण खूश होतो. सांगताना नजर मुलाच्या चेहऱ्यावर आणि हात मांडीवर ठेवा. मग खरं काय कळतं ते दिसेल. काही घरांत धक्काच बसतो.

पुस्तक आणि पडदा

पुस्तक पहिल्या सहा महिन्यांतही चालतं, जाड पुठ्ठ्याचं, पानावर एकच मोठं चित्र असलेलं. वर्षाचं मूल दोन-तीन मिनिटं बसलं तरी खूप झालं. पानं उलटी उलटणं, मधलं सोडून शेवटचं बघणं, सगळं चालेल. मजकूर शेवटपर्यंत वाचलाच पाहिजे असं नाही, चित्रावर बोला. तेच पुस्तक पन्नासाव्यांदा मागितलं तर कंटाळू नका. ओळखीच्या वाक्याच्या शेवटी थांबून शेवटचा शब्द मुलाला भरू द्या. तीन वर्षांनंतर ‘आता काय होईल?’, ‘तो का रडतोय?’ असे, हो-नाहीने न सुटणारे प्रश्न घाला. बडबडगीतांतला ताल आणि यमक अक्षरांकडे कान वळवतात, पुढे वाचायला शिकताना ते कामी येतं.

पडद्याबद्दल, म्हणजे टीव्ही-मोबाइलबद्दल, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये दिलेली मर्यादा अशी: दोन वर्षांच्या आत मुलाला नुसतं पडद्यापुढे बसवू नये, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तम. भाषा टीव्हीतून का येत नाही, याचं उत्तर अमेरिकी संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात मिळतं. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी समोर बसून चिनी भाषेत खेळल्यावर ती त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेवढाच वेळ तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं, तर काहीही शिकली नाहीत. पडदा बाळाची वाट बघत नाही, त्याच्या नजरेमागे जात नाही. लांब राहणाऱ्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल मात्र वेगळा, कारण तिथे पलीकडचं माणूस उत्तर देतं.

दोन भाषांच्या घरात बोलणं उशिरा येतं हा समज चुकीचा आहे. प्रत्येकाने आपल्याला सहज येणारी भाषा बोलावी. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. उशीर होत असेल, तर एक भाषा बंद करणं हा इलाज नाही.

श्रवणयंत्र असलेलं मूल

वरचं सगळं या मुलांनाही लागू आहे, पण यंत्र जागेपणी पूर्ण वेळ कानात असेल तरच. उठल्याबरोबर घालायचं, झोपताना आणि आंघोळीला काढायचं. रोज सकाळी घालण्याआधी बॅटरी तपासा, ऐकण्याच्या नळीने यंत्र स्वतः ऐका, मग वरचे सहा आवाज मुलाला ऐकवा. यंत्र शिट्टी मारत असेल, तर बहुधा साचा, म्हणजे कानाच्या मापाचा यंत्राचा कानात बसणारा भाग, सैल झालाय. तान्ह्या बाळाचा कान भराभर वाढतो, त्यामुळे पहिल्या वर्षात साचा दर काही आठवड्यांनी बदलावा लागू शकतो. बॅटरीचं झाकण कुलूपबंद असावं. बटण बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी लगेच रुग्णालय गाठा. अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते.

यंत्र बसलं त्या दिवसापासून ‘ऐकण्याचं वय’ मोजा. दीड वर्षाच्या मुलाला यंत्र लागून चार महिने झाले असतील, तर त्याच्याकडून चार महिने ऐकलेल्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवून सुरुवात करा. यंत्राचा पुरेसा उपयोग होत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल, विचारायला उशीर करू नका. आणि घरात खुणांची भाषा वापरली म्हणून मूल बोलायचं थांबत नाही. कुठल्याही वाटेने असो, पहिल्या वर्षांत मुलाला पुरेपूर भाषा मिळणं महत्त्वाचं.

कधी वाट बघत बसायचं नाही

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘जीभ जड आहे’, ‘त्याचे वडीलही उशिरा बोलले’, या तीन वाक्यांनी अनेक मुलांचं एक वर्ष तरी खाल्लं आहे. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात, पण धोक्याच्या खुणा मुलगा-मुलगी दोघांना सारख्याच. जिभेखालच्या पडद्याने दूध ओढायला किंवा काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण त्यामुळे बोललेलं कळायचं थांबत नाही.

१२ महिन्यांपर्यंत बरळणं नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. नावाने हाक मारल्यावर वारंवार प्रतिसाद नाही. आणि कुठल्याही वयात, आलेले शब्द किंवा खुणा गेल्या. यातलं एकही दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा आणि ऐकण्याची पूर्ण तपासणी व स्पीच थेरपिस्टची भेट, दोन्ही एकत्रच मागा. वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी दोन वर्षांपर्यंत वय मूळ तारखेपासून धरतात, मात्र गेलेल्या शब्दांना ही सूट नाही.

जाताना तीन गोष्टी सोबत न्या. जन्मावेळच्या ऐकण्याच्या तपासणीचा कागद. मूल म्हणतं त्या सगळ्या शब्दांची यादी, ते जसे म्हणतं तशा उच्चारात, ‘पाणी’साठी ‘पा’ असेल तर ‘पा’ लिहून. आणि घरी खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, कारण दवाखान्यात पाऊल टाकलं की बडबडं मूलही आईच्या कुशीत तोंड लपवून बसतं.